संरक्षित समुद्र, विस्थापित माणसे

दिएगो गार्सिया हे नाव मी प्रथम वाचले ते एका वर्तमानपत्राच्या अग्रलेखात. १९८०चे दशक होते आणि मी शाळेत होतो. हिंदी महासागर हे ‘शांतता क्षेत्र’ राहावे, अशी मागणी भारत, श्रीलंका आणि इतर अलिप्त देश करीत होते. त्या मागणीच्या आड येणारा अमेरिकेचा नाविक तळ म्हणजे दिएगो गार्सिया, एवढे त्या वयात समजले. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात तो एक गुणाचा प्रश्न असे. नकाशा काढून पाहिला, तर मुंबईच्या जवळजवळ सरळ खाली, विषुववृत्ताच्या पलीकडे एक ठिपका होता. त्या ठिपक्यावर कोणी राहत होते का, असा प्रश्न मला पडला नाही. मी वाचलेल्या अग्रलेखांतही तो आल्याचे आठवत नाही.

तो पडायला २०१० साल उजाडले. त्या वर्षी १ एप्रिलला ब्रिटिश सरकारने या ठिपक्याभोवतीचा सुमारे ६,४०,००० चौरस किलोमीटर समुद्र ‘सागरी संरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केला. आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून थोडा जास्तच. त्या वेळी जगात एवढे मोठे संरक्षित क्षेत्र दुसरीकडे कुठे नव्हते. बातमी वाचून मला मनापासून बरे वाटले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसरी बातमी आली. अमेरिकेच्या लंडन दूतावासातून वॉशिंग्टनला गेलेली एक गोपनीय तार विकिलीक्सने उघड केली होती. संरक्षित क्षेत्र झाले, की त्या बेटांवर परत जाण्याची मागणी करणाऱ्या मूळ रहिवाशांचा दावा जवळपास निकालात निघेल, असे एका ब्रिटिश अधिकाऱ्याने म्हटल्याची नोंद त्या तारेत होती.

म्हणजे तिथे मूळ रहिवासी होते. मग मी कागद जमवू लागलो. मी सागरी जीवशास्त्रज्ञ नाही, कायद्याचा पदवीधरही नाही. पण या प्रकरणाचे बहुतेक पुरावे न्यायालयांच्या निकालपत्रांत आणि खुल्या झालेल्या सरकारी दफ्तरांत आहेत आणि चिकाटी असेल तर ते कोणालाही वाचता येतात. ते वाचून माझ्या मनात पक्की झालेली गोष्ट या लेखात मांडतो : समुद्र राखणे आणि समुद्रावरचा हक्क ठरवणे या दोन गोष्टी एकाच हाताने, एकाच कागदावर केल्या, की पहिल्या गोष्टीच्या पुण्याईत दुसरीतला अन्याय झाकला जातो.

नारळाची बेटे

दिएगो गार्सिया हे चागोस द्वीपसमूहातले सर्वांत मोठे बेट. कन्याकुमारीपासून ते सुमारे १,८०० किलोमीटरवर, तर मॉरिशसपासून सुमारे २,२०० किलोमीटरवर आहे. समूहात पन्नासहून अधिक बेटे आहेत, पण सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी साठ चौरस किलोमीटरच्या आसपासच भरते. ही प्रवाळाची बेटे आहेत. उथळ निळ्या पाण्याचे सरोवर, ज्याला लगून म्हणतात, मध्ये असते आणि त्याभोवती कड्यासारखी जमिनीची बारीक पट्टी असते. लोकवस्ती होती ती मुख्यतः तीन ठिकाणी : दिएगो गार्सिया, पेरोस बान्योस आणि सालोमन.

अठराव्या शतकाच्या अखेरीस मॉरिशसच्या फ्रेंच मळेवाल्यांनी इथे नारळाच्या बागा लावल्या आणि त्या कसायला आफ्रिका व मादागास्करमधून गुलाम आणले. १८१४ च्या पॅरिस तहाने मॉरिशस आणि त्याबरोबर ही बेटे ब्रिटिशांकडे गेली. गुलामगिरी संपल्यावर तेच लोक मजूर म्हणून राहिले, काही भारतीय मजूरही त्यांच्यात मिसळले. पाच-सहा पिढ्यांत त्यांची स्वतःची क्रिओल बोली झाली, गाणी झाली, दफनभूमी झाल्या. त्यांना ‘इल्वा’ म्हणत, म्हणजे बेटावरचे लोक.

त्या जीवनाला उगाच सोनेरी मुलामा देण्यात अर्थ नाही. बेटे मळ्याच्या कंपनीच्या ताब्यात होती. मजुरी तुटपुंजी होती, त्यातली बरीचशी शिध्याच्या रूपात मिळे, आणि मतदानाचा प्रश्नच नव्हता. दिवसभर नारळ सोलायचे, खोबरे वाळवायचे, तेल गाळायचे. पण राहायला घर होते, दारात भाजी आणि कोंबड्या होत्या, लगूनमध्ये मासे होते. हे मासे पोटापुरते आणि वाटून खाण्यापुरते पकडले जात. इतक्या वर्षांच्या वस्तीनंतरही तिथले प्रवाळ आणि मासे समृद्ध राहिले, हे पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कागदावरून माणसे पुसणे

१९६० च्या दशकात अमेरिकेला हिंदी महासागरात तळ हवा होता आणि तळाच्या आसपास लोकवस्ती नको होती. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याच्या वाटाघाटी त्याच सुमारास चालू होत्या. सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनला लँकेस्टर हाउसमध्ये शिवसागर रामगुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून चागोस तोडून देण्यास संमती घेण्यात आली. मोबदला होता ३० लाख पौंड आणि काही आश्वासने : मासेमारीचे हक्क शक्य तितके राखले जातील आणि संरक्षणासाठी गरज संपली की बेटे मॉरिशसला परत मिळतील. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नावाची नवी वसाहत जन्माला आली. जगभर वसाहती मोडल्या जात असताना ब्रिटनने ही एक नव्याने उभी केली. १९६६ च्या अखेरीस तळाचा करार झाला. क्षेपणास्त्रांच्या खरेदीत ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची सूट गुपचूप मिळाली.

आता अडचण माणसांची होती. मूळ लोकवस्ती असल्याचे मान्य केले, तर संयुक्त राष्ट्रांना उत्तर द्यावे लागणार होते. त्या काळातल्या सरकारी टिपणांतून अधिकाऱ्यांचा विचार स्पष्ट दिसतो : इथे कायमचे रहिवासी कोणी नाहीत, आहेत ते कंत्राटी मजूर, अशी भूमिका घ्यायची. समुद्रपक्ष्यांखेरीज तिथे कोणी मूळ निवासी उरणार नाहीत, अशा अर्थाचा शेराही एका टिपणात आहे. पुढे याच बेटांवर पक्ष्यांच्या आणि माशांच्या रक्षणासाठी माणसांना मज्जाव झाला, हे माहीत असताना तो शेरा वाचणे जड जाते.

१९६८ पासून उपचारासाठी किंवा नातलगांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीचे जहाज नाकारले जाऊ लागले. पेरोस बान्योसचे एक कुटुंब जखमी मुलीच्या उपचारासाठी असेच मॉरिशसला गेले आणि तिथेच अडकले. त्या घरातला चार वर्षांचा मुलगा ऑलिव्हिये बानकू पुढे या लढ्याचा नेता झाला. बेटांवर येणारा शिधा कमी होत गेला. १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामे केले गेले. बेटावरचे पाळीव कुत्रे गोळा करून धुराने गुदमरवून मारले. १९७३ पर्यंत पेरोस बान्योस आणि सालोमनही रिकामी झाली. नॉर्डव्हेर नावाच्या छोट्या मालवाहू जहाजातून, एकेका पेटीनिशी माणसे मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यावर उतरवली गेली. सगळे मिळून दीड ते दोन हजार लोक. नारळ सोलण्याखेरीज आणि मासे धरण्याखेरीज दुसरे काम त्यांना ठाऊक नव्हते. पोर्ट लुईच्या झोपडवस्तीत त्या दोहोंचाही उपयोग नव्हता.

विज्ञान खरे आहे

आता २०१० च्या निर्णयाकडे वळू. त्यामागचे शास्त्र खोटे नव्हते आणि ते तसे होते असे भासवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘ग्रेट चागोस बँक’ हा पाण्याखालचा प्रवाळी पट्टा जगातल्या सर्वांत मोठ्या प्रवाळरचनांपैकी एक आहे. इथल्या प्रवाळांवर माशांचे वजन हिंदी महासागरातल्या बहुतेक ठिकाणांपेक्षा कितीतरी जास्त भरते. १९९८ मध्ये समुद्र तापून इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले, पण साधारण दहा वर्षांत ते पुन्हा उभे राहिले. आसपास इतर उपद्रव कमी असल्यामुळे हे जमले, असे अभ्यासकांचे मत आहे. २०१५-१६ मध्ये पुन्हा उष्णतेची लाट आली आणि पुन्हा मोठी पडझड झाली. पाणी तापण्यापुढे कोणत्याही संरक्षित क्षेत्राची हद्द चालत नाही, हा त्यातला धडा.

२०१० पूर्वी या समुद्रात परदेशी जहाजे परवाना घेऊन टूना पकडत. टूना म्हणजे आपल्या कोकणातला कुपा. परवाने बंद झाल्यावर ती मासेमारी थांबली. टूना हजारो किलोमीटर भटकणारा मासा आहे, त्यामुळे हद्दीबाहेर तो पकडला जातोच. तरीही शार्क, कासवे आणि प्रवाळमासे यांना या बंदीचा फायदा आहे. श्रीलंका आणि भारतातून शार्कसाठी चोरून येणाऱ्या नौका मात्र पूर्ण थांबलेल्या नाहीत. एवढ्या अफाट समुद्रावर पहाऱ्याला बहुतेक काळ एकच गस्ती जहाज होते. जिथे गाव असते, तिथे पाहणारे डोळेही असतात. गाव उठवले, तेव्हा हा फुकटचा पहाराही गेला.

‘अस्पर्श’ हे विशेषण चागोसला वारंवार लावले जाते. ते कितपत खरे आहे? मळेवाल्यांनी मूळ जंगल तोडून नारळ लावले, तेव्हा जहाजांबरोबर उंदीरही आले. २०१८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने चागोसमधली उंदीर असलेली सहा आणि नसलेली सहा बेटे तुलनेसाठी घेतली. उंदीर पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले खातात. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची दाटी ७६० पट जास्त आढळली. हे पक्षी खोल समुद्रातले मासे खाऊन येतात आणि त्यांची विष्ठा बेटावर पडते. पावसाने ती धुपून प्रवाळांपर्यंत पोहोचते आणि तिथल्या माशांना खत मिळते. अशा बेटांलगतच्या प्रवाळांवर माशांचे वजन ४८ टक्क्यांनी अधिक निघाले.

मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. केवळ माणूस हटवून ही बेटे बरी होत नाहीत, असे त्यातून दिसते. उंदीर काढणे, माजलेले नारळ कमी करून मूळ झाडे लावणे ही वर्षानुवर्षांची, हातांची कामे आहेत. त्यासाठी तिथे माणसे लागतील. ती पगारी पाहुणीच असली पाहिजेत, असा काही निसर्गाचा नियम नाही.

आणि दिएगो गार्सियाचे काय? तिथे लगून खोल करण्यासाठी प्रवाळ फोडले, धावपट्टीसाठी त्यांचा भराव घातला. साडेतीन किलोमीटरहून लांब धावपट्टी, मोठी बंदरसोय आणि हजारो लष्करी व कंत्राटी कर्मचारी तिथे आहेत. लगूनमध्ये उभी असलेली जहाजे कित्येक वर्षे आपले सांडपाणी तिथेच सोडत होती, हे २०१४ मध्ये उघड झाले. हे बेट आणि त्याभोवतीचा तीन सागरी मैलांचा पट्टा २०१० च्या संरक्षित क्षेत्रातून वगळलेला होता. म्हणजे बेटकऱ्याने गळ टाकला तर समुद्राला धोका, आणि नांगर टाकून उभ्या युद्धनौकांना सूट. कोणत्याही पर्यावरणशास्त्रातून असा निष्कर्ष निघत नाही. हा राजकारणाचा निष्कर्ष आहे.

न्यायालये काय म्हणाली

बानकू यांनी ब्रिटनच्या न्यायालयात दावा लावला आणि २००० साली जिंकला. तत्कालीन परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी निकाल स्वीकारला, पण २००४ मध्ये संसदेला वळसा घालून, राजाज्ञेने परतीची बंदी पुन्हा लादण्यात आली. खालच्या न्यायालयांनी ती बेकायदा ठरवली, तर २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा निसटत्या बहुमताने सरकारच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर अवघ्या दीड वर्षात संरक्षित क्षेत्र जाहीर झाले.

निःपक्षपणे एक सांगायला हवे. परतीचा मार्ग बंद करण्यासाठीच संरक्षित क्षेत्र केले, हा आरोप ब्रिटिश न्यायालयांनी मान्य केला नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती गोपनीय तार पुरावा म्हणून ग्राह्य धरली, परंतु तिने निकाल बदलला नसता, असे बहुमताने ठरवले. आंतरराष्ट्रीय पातळीवर मात्र चित्र वेगळे आहे. मॉरिशसने समुद्रकायद्याच्या करारानुसार लवादाकडे धाव घेतली. लवादाने १८ मार्च २०१५ रोजी निर्णय दिला : १९६५ ची आश्वासने ब्रिटनवर बंधनकारक आहेत, आणि मॉरिशसच्या हक्कांची योग्य दखल न घेता संरक्षित क्षेत्र जाहीर करून ब्रिटनने कराराचा भंग केला. समुद्र राखू नये, असे लवादाने म्हटले नाही. ज्याचा हक्क आहे त्याला विचारून राखा, असा त्या निर्णयाचा मी काढलेला अर्थ आहे.

पुढे प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २०१८ च्या सुनावणीत लिझबी एलिझे यांची चित्रफीत दाखवली गेली. पेरोस बान्योसहून काढले तेव्हा त्या वीस वर्षांच्या आणि गरोदर होत्या. ते मूल जगले नाही. वकिलांच्या शेकडो पानांत जे सापडत नाही ते त्यांच्या काही मिनिटांच्या क्रिओल निवेदनात होते. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने १३ विरुद्ध १ मतांनी सल्ला दिला, की मॉरिशसचे निर्वसाहतीकरण कायदेशीररीत्या पूर्ण झालेलेच नाही आणि ब्रिटनने चागोसचा कारभार लवकरात लवकर थांबवावा. त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी त्याला दुजोरा दिला. भारत ११६ मध्ये होता.

त्रिस्तानची तुलना

ब्रिटिश ध्वजाखालच्या प्रत्येक बेटाच्या नशिबी हेच आले असते, तर त्याला साम्राज्याची सवय म्हणून सोडून देता आले असते. पण दक्षिण अटलांटिकमधल्या त्रिस्तान दा कुन्हाचे उदाहरण वेगळे सांगते. १९६१ मध्ये तिथे ज्वालामुखी जागा झाला आणि अडीचशेच्या वर रहिवाशांना इंग्लंडला हलवले गेले. इंग्लंडात त्यांना नोकऱ्या आणि घरे मिळाली, पण मन रमले नाही. १९६२ च्या अखेरीस त्यांचे मतदान झाले. १४८ जण परत जाण्याच्या बाजूने, ५ विरुद्ध. १९६३ मध्ये बहुतेक सारे परतले. म्हणजे चागोस तोडण्याच्या अवघ्या दोन वर्षे आधी त्याच राज्यसत्तेने एका छोट्या बेटाची हाक ऐकली होती.

२०२० मध्ये त्रिस्ताननेही सुमारे ६,८७,००० चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र जाहीर केले. हे चागोसपेक्षा मोठे. पण तिथे बेटाच्या स्वतःच्या मंडळाने निर्णय घेतला. नव्वद टक्के समुद्र मासेमारीला बंद झाला आणि बेटांजवळची शेवंडाची मासेमारी, जिच्यावर गाव जगते, ती चालू राहिली. समुद्रही राखला आणि गावही. हे करता येते, याचा पुरावा समोर आहे. चागोसमध्ये ते अशक्य होते असे कोणी म्हणत असेल, तर त्याने त्रिस्तानकडे पाहावे.

आता

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी तहावर सह्या केल्या. सार्वभौमत्व मॉरिशसचे, दिएगो गार्सिया ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे, बदल्यात वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड, आणि चागोसी लोकांसाठी ४ कोटी पौंडांचा निधी. इतर बेटांवर वस्ती करण्याची मुभा मॉरिशसला आहे. दिएगो गार्सियावर नाही.

हा विजय पूर्ण मानायला माझे मन धजत नाही. दोन देशांच्या वाटाघाटीत चागोसी लोकांना पक्ष म्हणून जागा नव्हती. त्यांच्यातही दोन मते आहेत. बानकू यांच्यासारखे अनेक जण तहाचे स्वागत करतात, तर इंग्लंडात स्थायिक झालेल्या कित्येकांना मॉरिशसवर भरवसा नाही. दिएगो गार्सियात जन्मलेल्या दोन महिलांनी तर सह्यांच्या दिवशीच न्यायालयातून काही तासांची स्थगिती मिळवली होती. त्यांचा अविश्वास निराधार नाही. नुकसानभरपाईचे पहिले ६,५०,००० पौंड १९७२ मध्ये मॉरिशस सरकारच्या हाती पडले आणि लोकांपर्यंत पोहोचायला वर्षे लागली. मॉरिशस हा आपल्याला जवळचा देश. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. मजुरांच्या वंशजांनी उभारलेल्या या देशाने आपल्याच किनाऱ्यावर उतरवलेल्या दुसऱ्या मजुरांना बराच काळ परके मानले, हे आपुलकी असूनही नोंदवले पाहिजे.

तहानंतर चागोसभोवती मॉरिशसचे संरक्षित क्षेत्र उभे राहायचे आहे. त्याचा आराखडा ठरताना चागोसी माणसे खुर्चीवर बसलेली असतील, की पुन्हा एखाद्या परिशिष्टात, यावर माझे लक्ष आहे. पोटापुरती मासेमारी, उंदीर निर्मूलन, कासवांची राखण, चोरट्या नौकांवर नजर ही कामे परतलेल्या लोकांकडे सोपवता येतील. मग ‘मासे की माणसे’ हा प्रश्न मुळात चुकीचा होता, हे आपोआप सिद्ध होईल.

वेळ मात्र फार उरलेला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉरिशसच्या मोहिमेसोबत बानकू, लिझबी एलिझे आणि आणखी काही चागोसी पेरोस बान्योसला उतरले. ब्रिटिश पहाऱ्याशिवाय आपल्या बेटावर पाय ठेवण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. पडक्या चर्चमध्ये नारळ उगवले होते. त्यांनी कोयते घेऊन रान तोडायला सुरुवात केली. १९७३ मध्ये जी वीस वर्षांची होती, ती आज सत्तरी ओलांडून गेली आहे. त्या रानाखालची कोणती वाट कोणाच्या दारात जात होती, हे सांगू शकणारी हीच शेवटची पिढी आहे.